दिवसांची वही

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटातलं लाकडी दार ते,
भरतीला मिटणारं, सुकतीला उघडणारं,
माणसाला न विचारता.
पुनवेच्या उधाणात ते फुटलं
आणि खारं पाणी भाताची खाजनं ओलांडून
पिएदादच्या अंगणातल्या खुरसापर्यंत आलं.

तीन वर्षं शेतात फक्त बगळे पिकले.
इंजिनिअर आला, पँट दुमडून फोटो काढून गेला.
शेत पाण्यात, फाईल पणजीत कोरडी.
मग दिल्लीचा एक गृहस्थ आला,
पाण्याकडे बघून "व्ह्यू छान आहे" म्हणाला,
आणि चार घरांनी गुपचूप
एक-चौदाचे उतारे काढून आणले.

मी कूळसंघाचा चिटणीस.
इतिवृत्त लिहितो, चहाचा हिशेब ठेवतो.
बैठक बंद पडलेल्या शाळेच्या व्हरांड्यात.
हजर एकोणीस माणसं. कुत्रं धरलेलं नाही.
जानकी गावडे शेवटच्या बाकावरून उठली:
"पैसे मागू नका कोणाकडे. दिवस मागा.
घरामागे दहा.
इथे आहे त्यानं चिखल उपसावा,
परदेशी आहे त्यानं तिथल्या दिवसाची मजुरी धाडावी.
वहीत मात्र दिवस तो दिवस."

मी वहीला रेघा मारल्या.

पिएदादनं पेजेचे दहा दिवस लिहवले,
वर खारातल्या आंब्याची एक बरणी, तिला रकाना नव्हता.
तिचा आंजेलो स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो.
फोनवर विचारतो, रात्र दिवसात धरणार का?
पाऊण तास चर्चा झाली.
ठराव: धरावी.
सूचक शाणू तारी.
अनुमोदक लिहिता आला नाही, सगळे एकदम बोलत होते.

मानशीवरच्या मासळीचा लिलाव गुरुदासकडे असायचा.
कोळंबीसाठी तो भलत्या वेळी दार उघडायचा,
दार कशानं खिळखिळं झालं ते गावाला ठाऊक,
इतिवृत्तात कुठेच नाही.
त्यानं दहाऐवजी वीस दिवस लिहवले.
मी वर पाहिलं नाही. आकडा तेवढा नीट काढला.

रुझार मेस्तानं ऐनाच्या फळ्या
महिनाभर चिखलात पुरून ठेवल्या.
आम्हाला वाटलं, विसरला.
माघात, सुकती साधून,
ढेकळं हातोहात गेली बांधावर:
जानकीकडून गुरुदासकडे, गुरुदासकडून
सुट्टीवर आलेल्या कोणा तारवट्याकडे,
ज्याचं नाव विचारायचं राहिलं
आणि वहीत "पांढरी टोपी, तीन दिवस" असंच आहे.

दार बसलं त्या रात्री कोणी घरी गेलं नाही.
भरती चढली. फळ्या करकरल्या,
आणि मिटल्या.
शाणू तारी विडी विझवून म्हणाला, "पळे."
एवढंच.

कोरगूट पेरलं, खार सोसणारं हट्टी बी.
पहिल्या वर्षी अर्धंमुर्धं आलं.
पण पोदेर आता आमच्या वळणावरही भोंपू वाजवतो,
तिठ्यावरच्या बोस्त्यांवनं
दुकानाची दुसरी फळी काढायला घेतली आहे.
चारातल्या दोन घरांनी विकलंच.
त्यांच्या फाटकावरची कुलपं नवी आहेत, चकचकीत.
त्यांचे वीस दिवस वहीत तसेच कोरे.

शाणू श्रावणात गेला.
त्याच्या नावापुढे नऊ दिवस, एक बाकी.
मृताची बाकी खोडावी की ठेवावी
यावर ठराव नाही, म्हणून ठेवली.

काल बांध थापायला सुरुवात झाली, सकाळी सातला,
तर त्याची नात डोक्यावर पाटी घेऊन उभी.
चौथीत आहे. शाळा आता फेरीबोटीपलीकडे.
म्हणाली, "आजोबांचा दिवस द्यायला आलेय.
अर्धाच चालेल ना?
साडेअकराची बोट आहे."

मी वही उघडली.
अर्ध्यासाठी रकाना नव्हता.
पेन्सिलीनं पाडला.